आधी येजो

प्रभा, तुझी तेरवी झाली. तुझ्या भावानं सगळं रीतसर केलं, नागपूरहून माणसं आली, पंगती उठल्या, सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मी गप्प बसून होते. कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुम्ही काहीच बोलत नाही?" मी म्हटलं, "माझं तिच्याशी भांडण अर्धवट राहिलंय. ते मिटल्याशिवाय मला चांगलं बोलता यायचं नाही." त्यांना वाटलं, दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, तो आधीपासूनच आहे.

भांडण कशावरून ते तुला माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. मी कॅज्युअल्टीची डॉक्टर. साप चावलेले, मोटारसायकलवरून पडलेले, छातीत कळ आलेले, ते माझे. तू मानसोपचाराची, तुझी ओपीडी सकाळची, वरच्या मजल्यावर. क्वार्टर शेजारीशेजारी, मधली भिंत एक, विरजण एकमेकींकडून आणायचं, एवढाच संबंध राहायला हरकत नव्हती. पण पोरं तुझ्या मजल्यावर चढायचीच नाहीत. मुलगी वर नेली तर गावात बोभाटा होतो. खाली आणली तर 'चक्कर आली होती' म्हणून सांगता येतं. त्यामुळे श्वास लागलेली, हाताची बोटं वाकडी झालेली, दातखिळी बसलेली, फुलबाह्यांत हात लपवणारी बारा-चौदा-सोळा वर्षांची पोरं माझ्याकडे यायची. परीक्षेच्या दिवसांत तर रीघ लागायची. ईसीजी चांगला, साखर चांगली, रक्त चांगलं, आणि पोर छताकडे बघत पडलेली.

सोबतचे सगळे एकच म्हणायचे. "मॅडम, लय अशक्तपणा आला पोरीले. एक सलाईन लावून द्या." मी लावायचे. त्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही, सांगून ठेवते. बाटली टांगली की बापाचा आवाज खाली यायचा, आजीचं रडणं थांबायचं, कॉटभोवतीची गर्दी चहाला निघून जायची. पोरीला तासभर कोणी प्रश्न विचारायचं नाही. आमच्याकडे मिठाच्या पाण्यावर लोकांचा जितका विश्वास आहे तितका डॉक्टरवर नाही, मग त्याचा उपयोग का करू नये?

आणि मग तू खाली यायला लागलीस. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एका पोरीच्या उशाशी उभी राहून, बापाच्या देखत, माझ्या देखत, वर टांगलेल्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणालीस, "पाय बाई, याच्यात नुसतं मीठ-पाणी हाये. यानं तुले बरं नाई वाटणार. तुले आतून त्रास होऊन राह्यला, आन तो खरा हाये." बाप माझ्याकडे बघायला लागला. मी तुला ड्रेसिंगरूममध्ये ओढून नेलं आणि अर्धा हॉस्पिटल ऐकेल एवढ्या आवाजात विचारलं, माझा धंदा बंद करायला आली आहेस का? तू म्हणालीस, "सुनंदा, मोठ्यांशी तू पाहिजे तेवढं खोटं बोल. पोरांशी नको. त्यांना सगळेच सांगताहेत की तुला काही झालेलं नाही. आपण पण तेच सांगायचं?"

तेव्हापासून आपलं भांडण चालू आहे. मी म्हणायचे, वेळेला एखादं खोटं औषधासारखं असतं. तू म्हणायचीस, औषध असेल तर त्याचा डोस सांग. भाजी निवडताना, गेटवर पोहे खाताना, एकदा तर एसटीत पुलगावपर्यंत आपण यावर भांडलो, आणि समोरच्या सीटवरच्या बाईनं मधे पडून तुझी बाजू घेतली. तुला तेवढंच पाहिजे होतं. परतीच्या गाडीतही तू त्या बाईचं नाव घेत होतीस.

पण पोरं तुझ्याजवळ कशी बोलायची, हे मला वर्षानुवर्षं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी आ वासून बघत राहिले. तू त्यांना काही विचारायचीच नाहीस. कॉटशेजारी स्टूल ओढायचीस, बीपीचं मशीन काढायचीस. त्या पोराच्या दंडाला पट्टा बांधशील असं वाटायचं, पण तू स्वतःच्या दंडाला बांधायचीस. स्टेथोस्कोप त्याच्या कानात घालायचीस, रबरी फुगा त्याच्या हातात द्यायचीस. "दाब. अजून दाब. आता हळूहळू सोड. टकटक सुरू झाली का आकडा पाह्यजो, बंद झाली का पाह्यजो." दिवसभर ज्याला लोकांनी उचललं, हलवलं, टोचलं, ज्याच्या तोंडावर पाणी मारलं, ते पोर उठून बसायचं आणि डॉक्टरचा बीपी घ्यायचं. पहिल्यांदा ऐकू आलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ना प्रभा, त्याला मला आजही शब्द सापडत नाही. देवळात आत जाताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, तसं काहीतरी. मग तू विचारायचीस, "माह्या आत काय चालू हाये ते तुले ऐकू आलं. आता तुह्या आत काय चालू हाये, मले सांगतं का?" आणि ती सांगायची. सगळीच नाही, पण सांगायची.

तो पुलगावचा मुलगा आठवतो? शाळेत कोणाचं तरी डोकं फोडून आला होता, घरी स्वतःचं भिंतीवर आपटत होता. त्यानं फुगा दाबायला सुरुवात केली आणि थांबेचना. पट्टा आवळत गेला, तुझी बोटं काळीनिळी व्हायला लागली. सिस्टर पुढे झाली, मी पुढे झाले. तू दुसऱ्या हातानं आम्हाला थांबवलंस आणि त्याच्याकडे बघत राहिलीस, रागानं नाही, भीतीनंही नाही. त्यानं तुझ्या बोटांकडे पाहिलं. मग स्वतःच स्क्रू सैल केला. हवा सुटताना आवाज आला आणि त्याबरोबर तो रडायला लागला. नंतर मी तुझ्यावर ओरडले की हात गमावला असतास. तू बोटं चोळत म्हणालीस, "दुखलं ग फार." एवढंच. माणसात एवढा धीर कुठून येतो, हे मला डॉक्टर असून समजलेलं नाही.

जाताना प्रत्येक पोराला तू एकच सांगायचीस. "पुन्हा असं वाटलं तं आधी येजो. काही करून घेतल्यावर नको, काही व्हायच्या आधी येजो. खाली, कॅज्युअल्टीत. कोणी विचारलं तं माह्यं नाव सांगजो." आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. कॅज्युअल्टी आहे ती. रक्त आलेलं असतं, श्वास अडकलेला असतो, त्यांना आधी बघायचं असतं. काही न झालेल्या पोराला मी कुठल्या कॉटवर घेऊ? तू म्हणायचीस, "रक्त निघेपर्यंत थांबायचं, हा नियम कोणी केला?" यावर मी चांगलं सणसणीत उत्तर शोधून ठेवलं होतं. ते द्यायचं राहून गेलं. आता आठवतही नाही.

खरं तर कोणी येत नव्हतं. म्हणजे आधी. पोरं यायची ती दुसऱ्यांदाही कोणाच्या तरी खांद्यावरूनच. मी तुला चिडवायचे, तुझं आमंत्रण कोणी मनावर घेत नाही. तू हसायचीस, पण तुला ते लागायचं, हे मला दिसायचं.

आणि मग तू गेलीस. सकाळी तुझा दरवाजा वाजवला, उघडेना, तर मागच्या बाजूनं आत गेले. तू खुर्चीत होतीस. शेजारी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती, बरीचशी रिकामी झालेली, आणि ग्लासात जिऱ्याचं पाणी. म्हणजे तुला त्रास होत होता. चांगला बराच वेळ होत होता. भिंतीपलीकडे मी होते. खिडकीतून माझ्या कॅज्युअल्टीचा लाल दिवा दिसतो. मी काय करायचं ते सगळं केलं, सगळे धावत आले, पण तू केव्हाच गेली होतीस. माझा राग हा आहे. तुझ्या मरणावर तर आहेच, पण त्या पट्टीवर जास्त आहे.

आता जे सांगणार आहे ते परवाचं. तुला आचल आठवत असेल. तळेगावकडची, बाप संत्र्याच्या बागांत तोडणीला जातो, मोठी गोड शब्दांत बोलणारी पण डोळे जमिनीवरच असलेली. गेल्या वर्षी तिला तीनदा आणलं होतं, श्वास लागून, हातपाय गार पडून. दोनदा मी 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून पाठवलं. तिसऱ्यांदा तू खाली होतीस. ती तुला म्हणाली होती की तिला जगावंसं वाटत नाही, आणि हे तिनं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. त्यापुढचं तुमच्या दोघींतलं तू मला कधी सांगितलं नाहीस, मी विचारलंही नाही. मग ती बरीच सावरली. दर महिन्याला बाप तिला घेऊन यायचा, तुझ्यासाठी पिशवीभर संत्री आणायचा, तू त्यातली अर्धी माझ्या ओट्यावर ठेवायचीस.

परवा दुपारी मी ड्यूटीवर होते. समोर अपघाताचे दोघे होते, एकाचा पाय मी बांधत होते. मान वळवली तर ही दारात उभी. एकटी. शाळेच्या ड्रेसवर, दप्तर पाठीला. एसटीनं आली होती. सिस्टरनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "अजून काही झालं नाई. पण होऊन राह्यलं. प्रभा मॅडमले बलवा."

प्रभा, माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. आली होती ग. तुझं आमंत्रण कोणीतरी मनावर घेतलं होतं. एवढीशी पोर, घरी न सांगता, शाळेतून निघून, बस पकडून, जखम नाही, ताप नाही, आणि कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून सांगते की होऊन राह्यलं. माझ्या सगळ्या नोकरीत असं धाडस मी पाहिलेलं नाही. धडधाकट पुरुष छातीत दुखत असताना 'गॅस आहे' म्हणतात.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन म्हणाली, "मॅडम सुट्टीवर आहेत. पुढच्या महिन्यात येतील." तिच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. ते वाक्य माझ्याही जिभेवर तयार होतं. आचलनं मान हलवली. "मंग मी नंतर येतो," म्हणाली, आणि वळली.

तिच्या पाठीवरचं दप्तर गर्दीतून दाराकडे जाताना दिसत होतं. ती कुठे जाणार होती, कोणाला ठाऊक? घरी गेली असती कदाचित. मी त्या माणसाचा पाय इंटर्नच्या हातात दिला आणि हातमोजे घालूनच धावले. रक्ताळलेल्या हातमोज्यांनी एक जाडी बाई धावते आहे हे बघून लोक बाजूला होत होते. गेटजवळच्या कडुनिंबाखाली तिला गाठलं. तिथल्या ओट्यावर बसवलं.

आणि मला काय बोलायचं कळेना. भांडण्यात मी कधी अडले नाही, तुला माहीत आहे. पण ज्या पोरीला मुळातच जगावंसं वाटत नाही, जी एका माणसाच्या भरवशावर इतक्या दूर आली, तिला कसं सांगायचं की ते माणूसच आता राहिलं नाही? सांगितलं आणि ती कोसळली तर? नाही सांगितलं आणि उद्या तिला गावात कळलं तर? मी मनात तुला शिव्या घातल्या. मग म्हटलं, "आचल, सिस्टर खोटं बोलली. मॅडम सुट्टीवर नाहीत. मॅडम वारल्या."

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, सरळ डोळ्यांत, पहिल्यांदाच. "कशानं?"

तिला कसली भीती होती ते मला कळलं. म्हटलं, "हार्ट अटॅकनं. खुर्चीत बसल्या होत्या, तिथेच."

"त्याईचा बीपी जास्त होता," आचल म्हणाली. "मी घेतला होता ना. दोन खेपा. मी सांगतलं त्याईले, मॅडम, एकशे ऐंशीवर टकटक ऐकू येते. त्या हासल्या. म्हणे, तुले बराबर ऐकू आलं नसंन, मशीन जुनं हाये."

प्रभा, तू पोरीशी खोटं बोललीस. एवढी वर्षं मला तोंडावर ऐकवून, एसटीतल्या परक्या बाईला साक्षीला घेऊन, शेवटी खोटं बोललीस ते एका पोरीशी, आणि तेही नेमकं हेच की तिला जे ऐकू आलं ते खरं नाही. मला हसू आलं का रडू, माहीत नाही. दोन्ही आलं असावं, कारण आचल माझा दंड धरून म्हणाली, "मॅडम, पाणी पिता का?"

मग ती म्हणाली, "मले वाटलं, मलेच नाई समजत. मी जोर देऊन सांगाले पायजे होतं."

तेव्हा मला तुझं म्हणणं समजलं, भांडणात कधीच समजलं नाही ते. मी हातमोजे काढले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं, "तू बरोबर ऐकलं होतंस. मशीन चांगलं होतं. मॅडमला माहीत होतं, त्या डॉक्टर होत्या. तुला ऐकू आलं ते खरं होतं, आणि औषध घ्यायचं काम त्यांचं होतं, तुझं नव्हतं." एक एक शब्द खरा होता. तिनं डोळे मिटले. तिचा श्वास लांब होत गेला, आणि तो लांब होताना मी बघत होते, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीसारखी.

ती आता वॉर्डात आहे. तुझ्या जागी आलेला मुलगा नवखा आहे पण बरा आहे, स्टूल ओढून बसतो. बापाला फोन केला, तो कामावरून तसाच आला. मला म्हणाला, "मॅडम, लय अशक्तपणा आला का तिले? सलाईन लावाचं का?" मी म्हटलं, "नाही दादा. अशक्तपणा नाही. पोरगी आतून फार दुखतेय आणि ती स्वतः सांगायला आली. एवढी ताकद माझ्यात नाही." त्यानं विचारलं, "मी तिच्याजवळ बसलो तं चालते का?" रात्रभर बसला होता.

म्हणजे भांडण तू जिंकलीस, असं मी म्हणणार नाही. पोरांपुरतं जिंकलीस. मला तुझे आभार मानायचे आहेत आणि तुला चार लगावायच्या आहेत, आणि यातलं आधी काय करावं हे मला ठरवता येत नाही. इतक्या पोरांनी तुझं काळीज कानानं ऐकलं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मला तू एकदाही ऐकू दिलं नाहीस.

एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. कडुनिंबाखालची. मला वाटत होतं की ती तुलाच सांगावी, बाकी कोणाला नाही.

आम्ही उठणार होतो. आचलनं विचारलं, "त्याईचं घर कोठी होतं?" मी हातानं दाखवलं. क्वार्टरची ओळ तिथून सरळ दिसते. तिनं तुझ्या खिडकीकडे पाहिलं, मग कॅज्युअल्टीच्या दाराकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे. मधलं अंतर ती डोळ्यांनी मोजत होती. "दुखून राह्यलं म्हणून त्याईनं कोणाले सांगतलं नाई?"

"नाही."

"एवढ्या जवळ तं होतं. मंग त्या काऊन नाई आल्या?"

"मला माहीत नाही ग," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

ती उठली, ड्रेस झटकला, आणि दाराकडे चालायला लागली. दोन पावलं पुढे जाऊन माझ्यासाठी थांबली.

"मी तं आली," ती म्हणाली.